फळीवरचा तिसरा बल्ब

दिराला मारायचं की जिवंत ठेवून संपवायचं, एवढंच वहिनीचं ठरायचं राहिलं होतं. बाकीची तयारी झाली होती. तिच्या डब्याच्या पिशवीत, जुन्या मोज्यात गुंडाळलेला एक बल्ब होता. गेलेला बल्ब. ज्या वस्तूला लोक हात न लावता केरात लोटतात, ती तिनं सात वर्षं घरात जपली होती.

कारखान्यात तिला सगळे वहिनीच म्हणत. म्हाताऱ्या कारागिरापासून कालच्या पोरापर्यंत सगळ्यांची ती वहिनी, आणि खरा दीर एकच. तो काचेच्या केबिनमध्ये बसायचा. तिच्या नवऱ्याच्या वेळी केबिन नव्हती. "काचेमागं बसून सोल्डरचा वास येतो का?" असं तो विचारायचा. तो गेला आणि महिन्याभरात काच आली. वहिनीचं टेबल मात्र जिथल्या तिथं राहिलं, शेडच्या मागच्या कोपऱ्यात. तिथं ती कॉइल गुंडाळायची. तांब्याची तार, कागद, तार, कागद. हात चालू आणि तोंड बंद. तोंड बंद असलेल्या बाईला डोकं नसतं, असा त्या दिराचा समज होता. होता बापडा.

इथं जी मशीनं बनत त्यांचं काम समजायला सोपं आहे. भिंतीतून येणारी वीज एका दिशेला टिकत नाही. सेकंदाला पन्नास वेळा पुढे जाते आणि पन्नास वेळा मागे येते. मोटारीला हाच ताल मिळाला की ती त्या एकाच वेगानं पळत राहते, मग तुम्ही तिच्या कितीही विनवण्या करा. वेग आपल्या हातात हवा असेल तर आधी ती मागे-पुढे करणारी वीज सरळ करून घ्यावी लागते. त्यासाठी डायोड असतात, एकाच बाजूला उघडणाऱ्या दारासारखे. जायचं तर जा, परत यायचं नाव नाही. त्यातून निघालेली वीज सरळ असते खरी, पण धक्के खात येते, म्हणून ती कपॅसिटरच्या मोठ्या डब्यांत साठवून सपाट करतात. मग पुढचे चपळ स्विच त्या सरळ विजेचे तुकडे पाडतात आणि तिला पुन्हा मागे-पुढे नाचवतात, पण आता आपण सांगू त्या तालावर. मोटार म्हणाल तेवढी हळू, म्हणाल तेवढी जोरात. तिचा नवरा हे सांगायला लागला की घास हातात तसाच राहायचा.

सगळी गोम मधल्या डब्यांत. मुख्य स्विच बंद केला, पंखा थांबला, दिवे गेले, मशीन मेल्यासारखं दिसतं. आणि डबे भरलेलेच! दोन तांब्याच्या पट्ट्यांवर ती साठलेली वीज गुपचूप बसलेली असते. ती हळूहळू जिरवायला आत रेझिस्टर असतात, पण त्यांना वेळ लागतो, आणि एखादा जळलेला असला तर बाहेरून कळत नाही. त्या दोन पट्ट्यांवर एकदम हात पडला की माणूस हाक मारायलाही उरत नाही.

म्हणून तिच्या नवऱ्यानं फळी केली होती. एक लाकडी फळी, तिच्यावर ओळीनं तीन बल्ब, दोन लांब तारा आणि टोकांना पितळी काड्या. तीन अशासाठी, की एका बल्बाला तेवढी वीज सोसत नाही, फट्कन जातो. पहिल्यातून निघालेली वीजच दुसऱ्यात जायची आणि दुसऱ्यातली तिसऱ्यात. काड्या पट्ट्यांना टेकवल्या की तिन्ही बल्ब भसकन लागायचे, मग पिवळे व्हायचे, मग तांबूस, मग विझायचे. फळी धरणाऱ्यानं तेव्हा मोठ्यानं म्हणायचं, "रिकामं!" आणि दुसऱ्यानं, दुसऱ्यानंच बरं का, उघडा पंजा त्या पट्ट्यांवर ठेवायचा. याला कारखान्यात 'हात दाखवणं' म्हणत. त्याशिवाय मशीन दुरुस्त करायला घ्यायचं नाही आणि नवीन मशीन गिऱ्हाइकाला द्यायचं नाही.

"फळी धरणारा वेगळा कशाला? एकच माणूस दोन्ही करील की," वहिनीनं नवी नवरी असताना विचारलं होतं.

"स्वतःचा जीव कुणीही सांभाळतो गं," तो म्हणाला होता. "माझ्याकडचा माणूस दुसऱ्याचा सांभाळतो का, ते मला बघायचंय."

फळीवरचे बल्ब पोरं घरी पळवायची, म्हणून त्यानं तिची लाल नेलपॉलिश उचलून नेली आणि प्रत्येक बल्बाच्या पितळी बुडावर एकेक ठिपका दिला. तिनं बोंब मारली, नवी बाटली होती. तो म्हणाला, "तुझ्या नखांपेक्षा माझ्या माणसांचे हात महाग आहेत." चार दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. आता ते चार दिवस तिला परत हवे होते.

तो गेला तो असा. दुरुस्तीला आलेलं मशीन होतं, जिरवणारा रेझिस्टर जळालेला. शेडमध्ये मशीनपाशी दोघे भाऊच होते. जाड भिंगांचा म्हातारा कारागीर, ज्याला सगळे चष्मा म्हणत, सामान आणायला गेला होता. वहिनी मागं कॉइल गुंडाळत होती आणि तिच्या यंत्राच्या घरघरीत पुढचं काही ऐकू येत नव्हतं. तिला ऐकू आला तो स्टूल पडल्याचा आवाज. ती धावत आली तेव्हा तिचा नवरा फरशीवर पडलेला होता आणि दीर डोक्याला हात लावून ओरडत होता, "मी फळी उचलायला वळलो आणि दादानं हात घातला! अजून फळी लावलीच नव्हती मी! घाई केली हो दादानं!"

सगळ्यांनी ते मानलं. का नाही मानणार? सख्खा भाऊ ऊर बडवून सांगत होता. वहिनीनंही मानलं, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी ती कारखाना झाडायला आली, कारण घरात बसवत नव्हतं. दिराच्या टेबलाखालच्या भंगाराच्या पिंपात, तारांच्या तुकड्यांखाली तिला एक बल्ब मिळाला. बुडावर लाल ठिपका. आतली तार तुटलेली. तिनं फळी उचलून तिन्ही बल्ब काढून पाहिले. दोघांवर ठिपका होता आणि तिसरा कोराकरकरीत.

ती तिथंच खाली बसली. फळी लावलीच नव्हती, तर बल्ब गेलेला आहे हे त्याला कळलं कसं? आणि बदलला कशाला, कुणाला न सांगता, भाऊ फरशीवर पडलेला असताना? बल्ब गेलेला होता. मेल्यानं काड्या टेकवल्या, काही लागलं नाही, आणि मशीन रिकामं आहे असं समजून वर "रिकामं" म्हणून मोकळा झाला. तिच्या नवऱ्यानं त्या शब्दावर हात ठेवला.

चूक कुणाचीही होते. चुकीसाठी तिनं त्याला कदाचित माफही केलं असतं. पण चूक करून वर तिचं खापर मेलेल्याच्या डोक्यावर फोडायचं? तेही थांबलं नाही. नवीन पोरगा कामाला लागला की दीर त्याला मशीनपाशी उभा करून सांगायचा, "घाई केली की काय होतं ते माझ्या भावाकडून शीक. नियम त्यानंच केला, मोडला पण त्यानंच." बाजारात हेच बोललं जायचं. घरी तर कहरच. लेक वाढत होती, धांदरट होती, आणि तिच्या हातून दुधाचं भांडं कलंडलं की सासूबाई म्हणायच्या, "बापावर गेलीस हो! अशीच घाई करून गेला तो." पोरगी मान खाली घालायची. एकदा ती आईला म्हणाली, "बाबांना आपली आठवण नाही का गं आली हात घालताना? एवढी कसली घाई होती?" त्या दिवशी वहिनीनं मोजा उघडून बल्ब बघितला आणि पुन्हा बांधून ठेवला.

तेव्हाच का नाही बोलली? अहो, बोलून काय झालं असतं? दीर म्हणाला असता, पडून फुटला असेल, मी केर काढला असेल, वहिनीच्या डोक्यावर परिणाम झालाय. घर त्याचं, कारखाना त्याचा, सासू त्याची आई. त्याच्याच तोंडून निघायला हवं होतं, आणि चार माणसांसमोर. म्हणून ती थांबली. तार, कागद, तार, कागद. दीर लोकांना सांगायचा, "वहिनींना मी काही कमी पडू देत नाही हं." ती मान डोलवायची. आतून तिचा नुसता जाळ व्हायचा.

आणि मग कागद कारखान्याचा इंजिनियर आला. केस पांढरे झालेला, कमी बोलणारा माणूस. त्याला मोठं मशीन हवं होतं, कागदाचे रूळ अगदी सावकाश फिरवता येतील असं. मशीन बांधून झालं. न्यायच्या आधी तपासायला तो येणार, त्याच्या आदल्या दिवशी फोनवर म्हणाला, "पहिलं मशीन मी तुमच्या भावाकडून घेतलं होतं. त्यानं माझ्यासमोर पट्ट्यांवर हात ठेवला होता. आता मशीन तुमचं, तेव्हा हातही तुमचा."

"का नाही? का नाही?" दीर हसला. तो नेहमी चष्म्याचा हात पुढं करायचा, स्वतःचा कधीच नाही. पण एवढं मोठं गिऱ्हाईक, नाही कसं म्हणणार?

"फळी मी धरते, भावजी," वहिनी आपल्या टेबलावरून म्हणाली.

दीर खूश झाला. सकाळी त्यानं इंजिनियरलाही ऐकवलं, "फळी आमच्या वहिनी धरणार आहेत. घरच्या माणसावर विश्वास नाही ठेवायचा तर कुणावर?"

"खरं आहे," इंजिनियर म्हणाला.

त्या सकाळी ती सगळ्यांच्या आधी आली होती. फळीवरचा एक चांगला बल्ब काढून तिनं तिथं मोज्यातला बल्ब फिरवून बसवला. काढलेला चांगला बल्ब मोज्यात गुंडाळून पिशवीत टाकला.

मशीन मोटार जोडून चालवून दाखवलं. रूळ मुंगीच्या पावलानं फिरला, मग वाढत वाढत गेला, पुन्हा हळू झाला. इंजिनियरनं कान लावून ऐकलं, मान हलवली. दिरानं मुख्य स्विच बंद केला आणि म्हणाला, "चला, दोन घोट चहा घेऊ. मग हात दाखवतो." सगळे पुढच्या बाजूला गेले. कपबशा वाजायला लागल्या. दिराचं हसणं ऐकू येत होतं.

वहिनी मशीनपाशी एकटी उरली. मशीन मोठं, डबे मोठे, रेझिस्टरला ते जिरवायला बराच वेळ लागला असता. तेवढा वेळ चहाला लागत नाही. म्हणजे आत्ता त्या पट्ट्या भरलेल्या होत्या. तिला काहीच करायचं नव्हतं, फक्त यायचं, काड्या टेकवायच्या, आणि तो एक शब्द उच्चारायचा. बाकीचं तो स्वतःच्या पंज्यानं करणार होता. मेला तर म्हणता आलं असतं, "घाई केली हो भावजींनी." या विचारानं तिला इतकं बरं वाटलं, की तिनं तो मनात दोन-तीनदा म्हणून पाहिला. घाई केली हो. घाई केली.

पण तो शब्द! तो तिच्या नवऱ्यानं घडवला होता. त्यानं शेवटचा ऐकला तो तोच, आणि तो खोटा होता. त्याच्या भावानं तो एकदा बाटवला होता. आता तिनंही बाटवायचा? भिंतीलगतच्या कपाटात जुनी, दुसरी फळी होती, नवऱ्यानं सगळ्यांत आधी केलेली. वहिनी कपाटाकडे बघत उभी राहिली. मग तिकडे गेली. चहा संपवून लोक परत आले तेव्हा ती मशीनच्या पुढं, हातात नेहमीची फळी घेऊन, पदर खोचून उभी होती.

"हं, वहिनी, होऊन जाऊ द्या," दीर म्हणाला. त्यानं बाही वर सारली होती. घड्याळ काढून चष्म्याकडे दिलं होतं. सगळी कामगार मंडळी गोल करून उभी होती.

वहिनीनं काड्या पट्ट्यांना टेकवल्या.

बल्ब लागले नाहीत. तिन्ही काळे ठिक्कर.

"रिकामं!" वहिनी खणखणीत आवाजात म्हणाली.

दिराचा हात निम्म्या वाटेवर गेला आणि तिथंच थांबला. त्यानं फळीकडे पाहिलं, पट्ट्यांकडे पाहिलं, पुन्हा फळीकडे. त्याचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला.

"लागले नाहीत," तो म्हणाला.

"नाही लागले," वहिनी म्हणाली. "रिकामं आहे."

"चहात वेळ गेला ना," इंजिनियर सहज म्हणाला. "तोवर आतल्या आत जिरली असेल."

"हो, तसंच असेल," चष्माही म्हणाला. "घाला मालक हात."

"नाही!" दीर ओरडला. एवढ्या मोठ्यानं, की मागचं पोरगं दचकलं. "न लागलेल्या फळीवर हात घालायचा नसतो! फळीतच बिघाड असला तर? बल्ब गेलेला असला तर? एक गेला की तिन्ही गप्प बसतात, आणि पट्ट्या भरलेल्या असतात, तुम्हाला काय माहीत आहे! असंच तर..."

तो थांबला. पण वहिनीला एवढंच हवं होतं.

"असंच तर काय, भावजी?"

"काही नाही. बल्ब तपासा."

"तपासते ना." तिनं सावकाश तिसरा बल्ब फिरवून काढला, कानाशी हलवला आणि पुढं धरला. "गेलेलाच आहे. बरोबर ओळखलंत. बघा, बुडावर लाल ठिपका. कुणाचा आहे हा ठिपका, चष्मा?"

चष्म्यानं बल्ब हातात घेतला, भिंगांपाशी नेला. "थोरल्या मालकांचा," तो म्हणाला. "त्यांच्या वेळचा बल्ब आहे हा. आता कुठून आला?"

"भावजींच्या टेबलाखालच्या पिंपातून. आमचे हे गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी मला मिळाला. फळीवर याच्या जागी नवा, बिनठिपक्याचा बसवलेला होता. का बदललात बल्ब, भावजी?"

"गेलेला बल्ब बदलायचा नाही तर काय पुजायचा?" दिराचा तोल गेला होता. तो तिच्या अंगावर ओरडत होता. "लागला नाही म्हणून बदलला!"

दीर स्वतःचंच बोलणं ऐकल्यासारखा उभा राहिला.

चष्मा हळूच म्हणाला, "पण मालक, तुम्ही तर म्हणाला होता, फळी लावलीच नव्हती."

"म्हणजे नंतर... नंतर लावून पाहिली..."

"नंतर?" चष्म्याचा आवाज फाटला. "थोरले खाली पडलेले, आणि तुम्ही बल्ब तपासत होता? मी आलो तेव्हा त्यांचा हात गरम होता, मालक! मीच धरला होता तो हात!"

दिराच्या कपाळावरून घाम ओघळला. "मला वाटलं, जिरलीय," तो पुटपुटला. "मला खरंच वाटलं. मी म्हणालो रिकामं, आणि दादानं..."

"आणि त्यांनी हात ठेवला," वहिनी म्हणाली. "घाई नाही केली. तुम्ही म्हणालात, म्हणून ठेवला. सात वर्षं माझ्या पोरीला तिच्या बापाची घाई ऐकवलीत तुम्ही. नव्या पोरांना सांगितलंत. हसत सांगितलंत! काळीज आहे का तुम्हाला?"

वहिनी मशीनच्या बाजूला सरकली आणि तिनं पट्ट्यांकडे बोट केलं.

"घाला हात."

"वहिनी..."

"मी रिकामं म्हटलंय. या कारखान्यात त्यापुढं काही विचारत नाहीत. घरच्या माणसावर विश्वास नाही ठेवायचा तर कुणावर? घाला."

त्यानं हात पुढं केला. खरंच केला, इंजिनियर बघत होता, सगळे बघत होते. बोटं पट्ट्यांपासून वितीवर आली. त्यानं हात झटकन मागं घेतला, छातीशी धरला. त्यानं वहिनीच्या डोळ्यांत पाहिलं, आणि तिथं त्याला काय दिसलं ते त्याचं तोच जाणे.

"मीटर आणा," तो म्हणाला. "कुणीतरी मीटर आणा रे."

कुणी हललं नाही. वीज मोजायचं मीटर कपाटात होतं, कपाट चष्म्याच्या पाठीशी होतं, आणि चष्मा त्याच्याकडे नुसता बघत राहिला.

वहिनीनं बांगड्या मागं सारल्या आणि आपला उघडा पंजा दोन्ही पट्ट्यांवर ठेवला. पुरता टेकवून ठेवला. कुणाच्या तरी तोंडून "अगं बाई!" निघालं. तांबं गार होतं. ती तशीच उभी राहिली, दिराकडे बघत, सगळ्यांचं पाहून होईपर्यंत.

"रिकामंच होतं," ती म्हणाली. "तुम्ही चहा घेत होता तेव्हा दुसऱ्या फळीनं मी रिकामं केलं. त्यांचा शब्द आहे तो, भावजी. मी खोटा नाही म्हणणार. तुम्हाला मारायला सुद्धा नाही म्हणणार. मारावंसं फार वाटत होतं."

इंजिनियरनं मशीन घेतलं. मशीनचा काय दोष? जाताना दिरानं हात मिळवायला पुढं केला, तो इंजिनियरला दिसला नाही. त्यानं वहिनीला मान लववली, चष्म्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेला.

संध्याकाळी वहिनीनं घरी सासूबाईंना आणि लेकीला समोर बसवून सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, स्वतःच्या मनात काय आलं होतं तेही. लेक ऐकता ऐकता रडायला लागली, मग आईच्या मांडीत डोकं घालून म्हणाली, "म्हणजे बाबांनी घाई नाही केली?" "नाही गं माझ्या राणी. त्यांनी विश्वास ठेवला." सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तोही माझ्याच पोटचा आहे गं."

"माहीत आहे मला, आई. म्हणून तर तुमच्यासमोर सांगितलं."

दुसऱ्या दिवशी शाळेला उशीर झाला म्हणून लेक धावत निघाली आणि उंबऱ्यात ठेचकाळली. सासूबाईंनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मग म्हणाल्या, "सावकाश जा, बाळा."

आता तुम्ही म्हणाल, झालं की, मिळाला न्याय, आता वहिनीनं मन मोठं करावं. शेजारपाजारच्यांनीही तेच सांगितलं. दिरानं येऊन पाय धरले, रडला, म्हणाला मी भ्यालो होतो, मला तुरुंगात टाकतील असं वाटलं. वहिनीनं ऐकून घेतलं आणि पाय मागं घेतले. माफ करणं ज्याच्या हातात होतं, तो फरशीवर पडला तेव्हा याला बल्ब लपवायची पडली होती. ती दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी कामावर गेली. कारखाना सोडायचा तिनं विचारही केला नाही. तिला बघायचं होतं.

आणि तिला बघायला मिळालं. पुढच्याच आठवड्यात दुरुस्तीला एक मशीन आलं. दिरानं फळी उचलली. आता तिच्यावर तीन नवे बल्ब होते, आणि तिघांवर लाल ठिपका. चष्म्यानं स्वतःच्या हातानं लावला होता, वहिनीकडून नेलपॉलिश मागून. दिरानं सगळ्यांना दिसेल अशी फळी उंच धरली. काड्या टेकवल्या. तिन्ही बल्ब लखकन लागले, पिवळे झाले, तांबूस झाले, विझले.

"रिकामं!" दीर म्हणाला.

कुणाचा हात पुढं आला नाही. चष्मा भिंगं पुसायला लागला. एकाला एकदम स्क्रू घट्ट करायचा आठवला. एक पोरगा चुळबुळला, तर शेजाऱ्यानं त्याच्या सदऱ्याला धरून मागं ओढलं.

"रिकामं आहे!" दीर पुन्हा म्हणाला, आणि मग तिसऱ्यांदा, जरा चिरक्या आवाजात. त्यानं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. शेवटी तो मागच्या कोपऱ्याकडे वळला.

"वहिनी, तुम्ही तरी घाला हात. तुमच्या डोळ्यांसमोर लागले ना बल्ब? दिसले ना तुम्हाला?"

"दिसले," वहिनी म्हणाली, आणि तिनं कॉइलवर तारेचा पुढचा वेढा घेतला.